हेझच्या दिवसांतली कॅलिफोर्निया

काल सकाळी बिशानच्या आमच्या फ्लॅटची खिडकी उघडली तर समोरचा ब्लॉक अर्धाच शिल्लक होता. वरचे मजले कुणीतरी ओल्या बोटानं पुसून टाकल्यासारखे. वास नंतर आला. आधी घसा खवखवला, मग डोळे चुरचुरले, आणि मग लक्षात आलं की चार वर्षांनी हेझ, म्हणजे धुराचं ते धुकं, परत आला आहे.

समुद्रापलीकडे सुमात्रा आहे. तिथं पामची लागवड करायला रानं जाळतात, आणि एखाद्या वर्षी पाऊस लांबला, वारा आमच्या बाजूला फिरला, की ती रानं सिंगापुरात येतात. वाळत घातलेल्या टॉवेलांवर बसतात, देवांच्या तसबिरींच्या काचेवर बसतात, लिफ्टमध्ये आपल्यासोबत चढतात. इथं ऋतूच नाहीत हो, अशी हळहळ करणाऱ्या मराठी मंडळींना निसर्गानं दिलेला हा एकमेव ऋतू. त्याच्यावर कविता केलेलं मला अजून कुणी भेटलेलं नाही. त्याला आकडा मात्र आहे. हवा किती वाईट हे सांगणारा आकडा दर तासाला जाहीर होतो आणि लोक तो शेअरच्या भावासारखा बघतात. वाढला की गंभीर होतात, आणि खरं सांगायचं तर थोडे खूशही होतात. रोजच्या बोलण्याला विषय मिळतो.

धुराच्या वासानं माणसाला चूल आठवावी, आजोळ आठवावं, निदान होळी तरी. लिहिणाऱ्यांत तशी पद्धत आहे. मला आठवते कॅलिफोर्नियाची वाइन. त्यात माझा दोष नाही. २०१५ सालच्या त्या हेझमध्ये, शहर मास्क लावून फिरत असताना, आम्ही काही सुशिक्षित माणसं दर शनिवारी दुपारी एका वातानुकूलित दिवाणखान्यात बसून काचेच्या मोठ्या ग्लासांत नाकं खुपसत होतो. एकाही नाकाला काही कळत नव्हतं. बोलत मात्र सगळी होती.

दिवाणखाना उदय कानिटकरचा. हार्बरफ्रंटच्या बाजूला, समुद्र दिसणाऱ्या एका कॉन्डोत. समुद्र दिसतो हे तो आल्या-आल्या सांगायचा, म्हणजे पाहुण्याचं दुर्लक्ष होऊ नये. हेझच्या दिवसांत समुद्र नव्हताच, पण तरी तो पडदा बाजूला करायचा आणि त्या राखाडी भिंतीकडे बोट दाखवून म्हणायचा की इथं समोर सेंटोसा बेट. कोथरूडचा मुलगा, एका मोठ्या बँकेत जोखीम तपासणाऱ्या विभागाचा प्रमुख, इथला नागरिक झालेला. त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती, आणि शनिवारी आम्ही.

वाइनच्या बाबतीत कानिटकरचं वर्षाला एक प्रेम असायचं. त्याआधीच्या वर्षी इटली होती. पंधरा साली कामानिमित्त तो कॅलिफोर्नियाला जाऊन आला आणि तिथल्या एका टेकडीवर त्याला साक्षात्कार झाला. फ्रान्सच्या दक्षिणेला रोन नावाची नदी आहे, तिच्या काठची द्राक्षं म्हणजे सिरा, ग्रनाश, मूर्वेद्र ही लाल आणि व्हिओनिये, रूसान ही पांढरी. काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या काही विक्षिप्त बागाईतदारांना तीच ती नेहमीची द्राक्षं पिकवायचा कंटाळा आला आणि त्यांनी ही रोनची द्राक्षं तिथं लावली. काहींनी म्हणे वेलींच्या काड्या सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून चोरून आणल्या. हे सांगताना कानिटकरचे डोळे भरून यायचे. एरवी तो ज्या गोष्टीसाठी माणसाला नोकरीवरून काढील, ती गोष्ट द्राक्षाच्या काडीनं केली की त्याला भव्य वाटायची.

"ही आपलीच गोष्ट आहे," तो म्हणायचा. "मूळ एकीकडचं, माती दुसरीकडची. आणि दुसऱ्या मातीत फळ जास्त गोड."

यावर सगळे ग्लासात बघायचे. आपली स्वतःची गोष्ट इतक्या महाग बाटलीत निघाली की माणूस भारावतो. माझ्या मनात यायचं, वेलीचं बरं आहे. ती एकदा रुजली की रुजली. दर दोन-तीन वर्षांनी कुणाकडून शिक्का मारून घ्यावा लागत नाही.

सिरा म्हटल्यावर शिरा, हा विनोद त्या वर्षी इतक्यांदा झाला की शेवटी तो करणाऱ्याकडे लोक कीव केल्यासारखं बघायला लागले. तेवढीच काय ती त्या मंडळाची वैचारिक प्रगती.

वाइन पिणं आणि वाइन चाखणं यांतला फरक कानिटकरनं आम्हाला शिकवला. पिणारा गिळतो, चाखणारा थुंकतो. टेबलाच्या मधोमध एक चांदीसारखी चकाकणारी बादली असायची. तो तिला स्पिटून म्हणायचा. आमच्या आजोबांच्या पिढीत त्याला पिकदाणी म्हणत आणि ती कॉटखाली लपवत. घोट तोंडात खेळवायचा, गालातून हवा आत ओढायची, आणि मग एक बारीक नेमकी धार बादलीत सोडायची. उरलेली वाइनही त्याच बादलीत ओतायची. ज्या शहरात रस्त्यावर थुंकलं तर दंड होतो, त्या शहरात आम्ही ही विद्या कष्टानं कमावत होतो. पहिल्या वेळी कुणालाच जमलं नव्हतं. एकीच्या पांढऱ्या कुर्त्यावर मूर्वेद्र सांडलं. शिवाय आमची जात अशी की चांगली वस्तू तोंडात आल्यावर परत टाकवत नाही. बरेच जण थुंकल्यासारखं करून गिळत, आणि चौथ्या ग्लासानंतर त्यांना कॅलिफोर्निया फार आवडायला लागे.

मला अडचण वासाची होती. आमच्या घरी देवाला वाहायचं फूल हुंगलं तर ते टाकून द्यावं लागे. नैवेद्याच्या ताटावर वाकून कुणी "वा, काय वास सुटलाय" म्हटलं की आई डोळे वटारायची. जेवायला बसल्यावर घास नाकाशी नेणं म्हणजे रांधणारीचा अपमान. असं बालपण काढलेल्या माणसाला तुम्ही चाळिशीनंतर सांगता की आधी हुंग, दीर्घ हुंग, मग काय वाटलं ते चारचौघांत मोठ्यानं सांग. मी हुंगायची. मला वाइनचा वास यायचा. हे उत्तर कानिटकरला चालत नसे.

त्याला ब्लॅकबेरी लागायची, काळी मिरी, चामडं, जंगलातली वाळकी पानं. ब्लॅकबेरी आमच्यापैकी किती जणांनी लहानपणी खाल्ली होती, हा प्रश्न कुणी विचारला नाही. जो तो पुस्तकात वाचलेली फळं ग्लासात शोधायचा आणि सापडली की खूश. चामडं मात्र सगळ्यांना लगेच सापडायचं. साहेबांच्या बुटांच्या फार जवळ आयुष्य गेलेलं.

आता मिलिंदबद्दल सांगते, कारण त्या ऋतूची माझ्यापाशी उरलेली चव त्याचीच आहे.

मिलिंद आणि मेधा सेंगकांगला राहायचे. सहा-सात वर्षांची मुलगी, भाड्याचा फ्लॅट, खाली एलआरटीची दोन डब्यांची गाडी. तो डोंबिवलीचा, हार्बरफ्रंटलाच एका जहाज कंपनीत हिशेबाच्या कामाला. आधी महिन्यातून एकदा कानिटकरकडे यायचा तेव्हा सोफ्याच्या कोपऱ्यात बसून वेफर्स खायचा, "अरे उदय, मला सगळ्या सारख्याच लागतात रे" म्हणायचा आणि लोकांना तो आवडायचा. त्या वर्षी जहाजांचा धंदा बसला. मोठमोठी जहाजं रिकामीच समुद्रात उभी राहिली, आणि ऑगस्टच्या अखेरीला मिलिंदच्या कंपनीनं त्याला सांगितलं की सप्टेंबर संपला की येऊ नकोस. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं राहून काम करायचा परवाना, कंपनीच्या नावावर. नोकरी संपली की पास संपतो, आणि पास संपला की महिनाभरात दुसरा मालक शोधायचा, नाहीतर मुलीला शाळेतून काढून, सामान बांधून विमानात बसायचं. डोंबिवलीला त्याच्यासाठी कुणी नोकरी धरून ठेवलेली नव्हती. मेधानं इथं येण्यासाठी बँकेतली कायमची नोकरी सोडली होती, ते पाणी पुलाखालून गेलेलं.

कानिटकरच्या विभागात एक जागा होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कानिटकरनंच सांगितलं होतं. मिलिंदचा विषय निघाला की तो म्हणायचा, "बघतो." मराठीत या शब्दासारखा दुसरा शब्द नाही. त्यात होकार नसतो, नकार नसतो, आणि समोरचा माणूस जन्मभर उंबऱ्यात उभा राहू शकतो.

त्या एका शब्दावर मिलिंद बदलला. कोपऱ्यातून उठून टेबलापाशी बसायला लागला. "अरे उदय" जाऊन "तुम्ही" आलं, आणि मग एका शनिवारी "सर". कानिटकर त्याला मिल्या म्हणायचा ते मात्र तसंच राहिलं. सेंगकांगच्या लायब्ररीतून वाइनवरची पुस्तकं आणून मिलिंद रात्रंदिवस वाचत होता. मेधा मला कौतुकानं सांगायची की तो आता मसाल्याच्या डब्यातली एकेक वाटी नाकाशी धरून बसतो, डोळे मिटून ओळखतो. नोकरी गेलेला माणूस लवंग आणि दालचिनीत वेळ घालवतो हे तिला विचित्र वाटत नव्हतं. ती त्याची परीक्षाच होती, आणि आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत घरातल्यांनी दूध गरम करून द्यायचं असतं.

आणि गंमत अशी की त्याला जमायला लागलं. एकदा मूर्वेद्रचा ग्लास नाकाशी धरून तो म्हणाला की ह्याला पावसाळ्यात बंद कपाटातल्या पट्ट्याचा वास येतो आणि त्याच्यामागं गोठा आहे. सगळे हसले. कानिटकरनं पुस्तक उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुस्तकातही जवळपास तेच होतं, फक्त इंग्रजीत. रूसानला त्यानं गवती चहा आणि मध म्हटलं, तेही बरोबर निघालं. ज्या माणसाला प्रसन्न करायचं आहे त्याच्यापेक्षा चांगलं नाक आपल्याला असू नये, एवढी साधी गोष्ट लायब्ररीतल्या पुस्तकांत नव्हती.

सप्टेंबर संपता-संपता हेझ दाट झाला. एक दिवस शाळा बंद ठेवल्या. फार्मसीतले मास्क संपले, हवा शुद्ध करणारी यंत्रं दुकानांतून नाहीशी झाली. सूर्य दुपारीही आमसुलाच्या रंगाचा असायचा आणि त्याच्याकडे सरळ बघता यायचं. त्या शनिवारी हार्बरफ्रंटच्या स्टेशनातून बाहेर पडून कानिटकरच्या कॉन्डोपर्यंत चालत गेलो तेवढ्यात माझ्या नवऱ्याच्या मास्कवर करड्या रेषा उमटल्या. वर गेल्यावर नीलिमानं, कानिटकरच्या बायकोनं, आम्हाला गरम पाण्याच्या गुळण्या करायला दिल्या. चाखायच्या आधी गुळण्या, म्हणजे थुंकण्याचा सराव होऊनच आम्ही टेबलाशी बसलो.

कानिटकर त्या दिवशी बहरात होता. कॅलिफोर्नियातही वणवे लागतात, एखाद्या वर्षीचा धूर द्राक्षांच्या सालीत उतरतो आणि मग वाइनला राखेची चव येते, हे तो सांगत होता. ती चव दोष की गुण, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी फ्रीजमधून दही घ्यायला आली, दोन मिनिटं ऐकत उभी राहिली आणि अस्सल सिंगापुरी हेलात म्हणाली, "बाहेर पण स्मोकी, ग्लासमध्ये पण स्मोकी, व्हॉट्स द पॉइंट, लाह." त्या दुपारी वाइनवर झालेली ती एकमेव खरी टीका. तिला खोलीत पाठवण्यात आलं.

पाच बाटल्या झाल्या. चार लाल, एक पांढरी. नाकं चोंदलेली, सगळ्यांना सगळीकडे धूरच लागत होता, आणि सिरामध्ये धूर असतो असं पुस्तकात असल्यामुळे कुणाला संशयही आला नाही. मिलिंद मात्र एकेक वेगळी सांगत होता. ग्रनाशला पिकलेली तुती म्हणाला, व्हिओनियेला जर्दाळू म्हणाला. प्रत्येक वेळी आधी कानिटकरकडे बघायचा, मग बोलायचा, मग परत बघायचा. तिसऱ्या वेळी कानिटकरनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. चौथ्या वेळी म्हणाला, "मिल्या, तू आता माझी नोकरी घेणार वाटतं." सगळे हसले. मिलिंद सगळ्यांत जास्त हसला, आणि डोळे फार चुरचुरताहेत असं सांगून तोंड धुवायला गेला. मेधा स्वयंपाकघरात नीलिमाला बटाटेवडे तळायला मदत करत होती.

तेव्हा कानिटकर उठला. बादली उचलून त्यानं बाजूच्या मेजावर नेली. चहाची गाळणी आणली. आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, ओठांवर बोट ठेवून, त्या बादलीतलं सगळं काचेच्या सुरईत गाळून घेतलं. आमच्या ग्लासांतलं उरलेलं, आमच्या तोंडांतून गेलेलं, चार लाल आणि एक पांढरी. रंग सुरेख आला. गाळणीत काय राहिलं ते मी बघितलं नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, उष्टं आहे रे." हे निषेधाच्या सुरात नव्हतं. विनोद नीट समजावा म्हणून केलेला खुलासा होता.

आपल्या भाषेत उष्टं हा शब्द किती खोल आहे, हे परदेशी माणसाला सांगता येत नाही. एका ताटातलं खाणं म्हणजे लग्न, किंवा बाळपण, किंवा गुलामी. मधलं काही नाही. मी स्वतः आईच्या पेल्यातलं पाणी वरूनच ओतून प्यायले आहे. आम्ही सगळे तसेच. मांस खातो, वाइन पितो, श्रावण पाळत नाही, पण दुसऱ्याच्या चमच्याला चमचा लावत नाही. म्हणूनच ती थट्टा फक्त आम्हीच करू शकत होतो. गोऱ्या लोकांत ती नुसती घाण ठरली असती. आमच्यात तिला चव होती.

मिलिंद परत आला. कानिटकरनं त्याच्या पुढ्यात स्वच्छ ग्लास ठेवला, सुरईतून ओतलं आणि म्हणाला की ही शेवटची, खास, कॅलिफोर्नियात पासो रोबल्सच्या एका म्हाताऱ्यानं मला स्वतः दिली, नाव सांगत नाही, तू ओळख. एवढ्यात मेधा वड्यांचं ताट घेऊन आली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. तिला वाटलं, हीच ती परीक्षा.

मिलिंदनं ग्लास उजेडाकडे धरला. उजेड नव्हता, खिडकीत करडं होतं, तरी धरला. मग नाक आत घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मला एका बाजूनं त्याचे डोळे दिसत होते, लाल, मिटलेले. मग घोट घेतला. तोंडात खेळवला. बादली टेबलावरून गायब होती, त्यामुळे गिळला.

"मिश्रण आहे," तो म्हणाला. "ग्रनाश पुढं आहे. मग सिरा. शेवटी गोठा, म्हणजे मूर्वेद्र. आणि सर, चूक असेल तर सांगा, पण ह्यात थोडी पांढरी घातलीय. मागून जर्दाळू येतोय."

अक्षर न् अक्षर बरोबर होतं. त्या बादलीत होतं ते सगळं त्याला सापडलं होतं. एक आम्ही सोडून.

"कशी वाटली?" कानिटकरनं विचारलं.

"आज उघडल्या त्यांत हीच सगळ्यांत पूर्ण," मिलिंद म्हणाला. "तुमची निवड आहे, सर."

मग कानिटकरनं मेजाखालून बादली काढली, उलटी करून दाखवली आणि गाळणी तिच्यावर ठेवली, मुकुटासारखी. हसू असं फुटलं की माझ्या नवऱ्याला खोकला लागला. हेझमध्ये हसू आणि खोकला यांतला फरक कळत नाही. मी हसले. वेळ इतकी अचूक साधली होती की न हसणं हा खोटेपणा झाला असता. मिलिंदला समजायला थोडा वेळ लागला. त्यानं बादलीकडे बघितलं, गाळणीकडे बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडे. तोंडाकडेच. त्याची मान खाली गेली, गळ्याशी काहीतरी वर आलं आणि त्यानं ते परत गिळलं, हे मला दिसलं.

आता तो उठून जाईल, असं वाटलं. नाहीतर ओकेल, किंवा ग्लास फोडेल. गोष्टींत तसं होतं.

मिलिंदनं रिकामा ग्लास पुढे केला. चेहऱ्यावर हसू होतं, चांगलं रुंद. म्हणाला, "आता कळलंय तर नीट चाखतो. कुणाचं कुठलं ते पण ओळखून दाखवतो, सर."

मागून मेधाचा हात आला आणि ग्लासावर पालथा पडला. तळणीची पिठूळ बोटं. कानिटकर सुरई तिरकी धरून थांबला होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तो अडकला होता. त्याला वाटलं तरी थांबता येत नव्हतं. मिलिंदनं मान वळवून बायकोकडे बघितलं. मेधानं त्याच्याकडे बघितलं. मग तिनंच हात उचलला, पदराला पुसला, आणि वड्यांचं ताट पुढच्या माणसाकडे सरकवलं.

कानिटकरनं ओतलं. मिलिंद प्यायला. या वेळी हसू कमी आलं, आणि वड्यांबरोबर चटणी कोणती चांगली यावर लोक एकदम बोलायला लागले.

पुढच्या आठवड्यात एमआरटीच्या गाडीत कानिटकर भेटला. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला की मिल्याचं काही जमत नाही. मी विचारलं का, तर क्षणभर विचार करून त्यानं उत्तर दिलं, आणि ते उत्तर मूर्खाचं नव्हतं. "जोखमीच्या विभागात नाही म्हणणारा माणूस लागतो," तो म्हणाला. "हा तर लोकांनी थुंकलेलं दुसऱ्यांदा मागून पितो. उद्या क्लायंटनं काहीही पुढं केलं तर?" त्या दिवशी मिलिंद उठून गेला असता तर काय झालं असतं, हेही मी विचारलं. कानिटकर हसला. म्हणाला, मग त्याला टीममध्ये जमवून घेता येत नाही असं झालं असतं. रॅफल्स प्लेस स्टेशन आलं आणि तो उतरला. मास्क वर करायला विसरला नाही.

या माणसाकडे मी अजून जाते. या शनिवारीही जाणार आहे. त्याचा परवाच निरोप आला, हेझ परत आलाय, काहीतरी स्मोकी उघडू. रोन केव्हाच मागं पडलं. आता फ्रान्समधलीच बर्गंडी आहे, आणि स्थलांतराऐवजी मातीशी इमान यावर तो बोलतो. नीलिमाचे वडे चांगले असतात. लोक विचारतात, तुला त्याचा राग येत नाही का. राग यायला आधी त्याच्याकडून काही अपेक्षा असावी लागते. माझी वड्यांपलीकडे नाही. शिवाय माणसाला क्रूर व्हायला फार मोठं कारण लागतं हा वाचून झालेला गैरसमज आहे. एक दुपार पुरते, बंद खिडक्या, आणि कुणाचं तरी नाक आपल्यापेक्षा तीक्ष्ण.

ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस आला आणि शहर धुतलं गेलं. समोरचे ब्लॉक जागच्या जागी निघाले. मिलिंदची महिन्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मेधाचा फोन आला की तुझ्या ऑफिसात खोकी मिळतील का, म्हणून मी जहाजी मालाची चांगली जाड खोकी घेऊन सेंगकांगला गेले. मिलिंद मुलीच्या शाळेत कागद आणायला गेला होता. घरात भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळणं चाललं होतं. मसाल्याचा डबा रिकामा करून उन्हात ठेवला होता. मी कपाट आवरायला लागले. त्या दुपारबद्दल बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच केलं. म्हटलं, कानिटकरचं जाऊ दे गं, तुम्ही दोघांनी काय सोसलंत ते आम्ही बघितलं.

मेधानं चिकटपट्टी दातांनी तोडली आणि खोक्यावर नीट दाबून बसवली.

"सोसलं काय त्यात," ती म्हणाली. "मी हात ठेवला ना ग्लासावर, तो चुकूनच. नंतर मीच काढला. मला वाटलं, एवढं केलं म्हणजे आता नक्की." मग दुसरं खोकं ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी येताना आम्ही लिटल इंडियाला उतरून पेढे घेतले. मी पाव किलो सांगितले होते. मिलिंद म्हणाला, अर्धा घे, कानिटकरांकडे पण द्यायला लागतील."